डॉक्टर होण्याआधीची चार वर्षं

दरवर्षी मे महिना लागला की अमेरिकेतल्या हजारो घरांत एक ऑनलाइन अर्ज भरायला घेतला जातो. त्याचं नाव अ‍ॅमकॅस. एमडी पदवी देणाऱ्या बहुतेक मेडिकल कॉलेजांना हा एकच अर्ज चालतो. त्यातला सगळ्यात किचकट आणि सगळ्यात बोलका भाग म्हणजे विषयांची यादी. कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय, त्याची क्रेडिट्स आणि मिळालेली ग्रेड विद्यार्थ्याने गुणपत्रक शेजारी ठेवून एकेक करून भरायची. नापास झालेला विषय भरायचा, पुन्हा बसून पास केलेला भरायचा, शाळेत असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेतलेलाही सोडायचा नाही. मग प्रत्येक विषय कोणत्या खान्यात मोडतो ते लिहायचं: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, इतिहास, परभाषा, तत्त्वज्ञान. संख्याशास्त्र गणितात जातं. इंजिनिअरिंगच्या विषयांत कितीही गणित असलं तरी त्यांचा खाना वेगळा. पहिल्या चार खान्यांची मिळून जी सरासरी निघते तिला सायन्स जीपीए म्हणतात. सगळ्या विषयांची मिळून दुसरी सरासरी निघते. प्रवेश समितीसमोर आधी हे दोन आकडे जातात.

मुख्य विषय कोणता, म्हणजे मेजर काय, हा प्रश्न या लांबलचक अर्जात एका ओळीत संपतो. त्याच ओळीवरून आपल्या लोकांच्या घरी वर्ष-दोन वर्षं वाद चाललेला असतो.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या मराठी मंडळांच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या जेवणात मुलं अकरावी-बारावीला पोचलेल्या आईवडिलांजवळ बसलं की हा विषय निघतोच. "मेडिसिनला जायचंय ना, मग बायॉलॉजीच घे." "न्यूरोसायन्स चांगलं दिसतं म्हणे." "इंजिनिअरिंग कर, नाहीच मिळालं मेडिकल तर नोकरी तरी आहे." ही सगळी वाक्यं काळजीतूनच येतात. पण सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः हा रस्ता कधी चाललेला नसतो, आणि अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं ठरतं ते दहावीनंतर. पीसीबी घेतलं, बारावी झाली, पूर्वी सीईटी आणि आता नीट दिली, नंबर लागला की सतरा-अठराव्या वर्षी मुलगी अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमध्ये उभी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत एमबीबीएस. मधे कुठे थांबून 'मला आणखी काय आवडतं' असं विचारायला जागाच नाही. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टरांच्या पहिल्या पिढीने हाच रस्ता चालून, मग तिथली परीक्षा देऊन रेसिडेन्सी मिळवली. आजही भारतातून जाणारे डॉक्टर साधारण तसेच जातात. त्यांच्या तिथे जन्मलेल्या आणि तिथेच शिकणाऱ्या मुलांना मात्र हा रस्ता नाही. त्यांना सहसा आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि मग रेसिडेन्सी. त्या पहिल्या चार वर्षांत काय शिकायचं हे घरातल्या डॉक्टर आईला स्वानुभवावरून सांगता येत नाही. तिच्या आयुष्यात ती चार वर्षं कधी आलीच नाहीत.

प्रीमेड म्हणवणारी मुलं प्रत्येक कॅम्पसवर असतात, प्रीमेडचे सल्लागारही असतात, पण बहुतेक विद्यापीठांत त्या नावाची पदवी नाही. प्रीमेड म्हणजे ठरावीक विषयांची यादी. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र हे साधारण एकेक वर्ष, प्रयोगशाळेसकट. बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, बहुतेक ठिकाणी वर्षभर इंग्रजी लेखन, जोडीला संख्याशास्त्र, आणि सध्या मानसशास्त्र व समाजशास्त्रही. कॉलेजागणिक थोडाफार फरक असतो. यादी पुरी केली की पदवी संगीतातली असो नाहीतर संस्कृतमधली, अर्ज करता येतो.

हा नियम आला कुठून, हे पाहताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती. शिक्षण झालं होतं ते मुख्यतः पती गोपाळराव यांच्या हाताखाली. मार्च १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. त्या काळी अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाआधी पदवी असलीच पाहिजे असा दंडक नव्हता. पुष्कळ मेडिकल स्कूलं तर फी भरेल त्याला घ्यायची. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं आणि चित्र बदलू लागलं. त्यासाठी मोठी देणगी देणाऱ्या मेरी गॅरेट यांनी दोन अटी घातल्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे पदवी, विज्ञानाची तयारी आणि फ्रेंच-जर्मनचं ज्ञान हवं. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांवरचा अहवाल प्रसिद्ध केला आणि हॉपकिन्स हा नमुना ठरला. पुढच्या काही वर्षांत निकृष्ट शाळा भराभर बंद पडल्या. त्यांच्याबरोबर कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच शाळाही गेल्या, हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढ्या उरल्या. दर्जा वाढला तसं दारही अरुंद झालं. आनंदीबाई आणखी दहा-बारा वर्षांनी बाल्टिमोरला गेल्या असत्या, तर बाई म्हणून त्यांना कोणी अडवलं नसतं. पदवी नाही म्हणून परत पाठवलं असतं.

म्हणजे या नियमाच्या मुळाशी दोन इच्छा होत्या. डॉक्टरला विज्ञान पक्कं यावं, आणि डॉक्टर सुशिक्षित माणूस असावा. गेली सव्वाशे वर्षं प्रीमेडच्या मुलाला या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतायत.

पहिल्या इच्छेची परीक्षा होते ऑरगॅनिक केमिस्ट्रीत. तिथली मुलं तिला ऑर्गो म्हणतात. आपल्याकडे बारावीला एसएन-वन आणि एसएन-टू अभिक्रिया शिकलेल्या कोणालाही त्यातली चित्रं ओळखीची वाटतील. कार्बनचा सांगाडा, त्यावर कुठेतरी ब्रोमिन, आणि इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे गेली ते दाखवणारे वाकडे बाण. पाठांतर इथे फार दूर नेत नाही. प्रश्नात कधी न पाहिलेला रेणू देतात आणि पुढे काय होईल ते विचारतात. या जागी इलेक्ट्रॉन जास्त का, तो गट आधी का सुटतो, समोरून आलेला रेणू मागच्या बाजूने का धडकेल, याचा विचार करत बाण काढावे लागतात. शाळेत पहिल्या नंबरात राहिलेल्या किती तरी मुलांना आयुष्यातली पहिली सी याच विषयात मिळते आणि मेडिकलचा विचार बरीच जण तिथेच सोडतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मेटलंड जोन्स हे ८४ वर्षांचे प्राध्यापक ऑर्गो शिकवत होते. या विषयाचं गाजलेलं पाठ्यपुस्तक त्यांनीच लिहिलेलं. वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी त्यांच्या विषयातल्या कमी ग्रेडबद्दल आणि शिकवण्याबद्दल तक्रारअर्ज दिला. पुढे विद्यापीठाने त्यांना दिलेली नेमणूक संपवली. देशभर दोन तट पडले. मुलं आळशी झाली असं एक बाजू म्हणाली, तर दुसरीने विचारलं की चांगल्या डॉक्टरची पारख वाकड्या बाणांवरून का करायची. मला दोन्ही म्हणणी अर्धीच वाटतात. अपरिचित गोष्ट समोर आल्यावर शांतपणे कारणं शोधत जायची सवय डॉक्टरला हवीच, आणि ऑर्गो ती लावते. पण ती सवय लावणारा तो एकच विषय आहे असं धरून चालणं चूक आहे.

हे पटायला एमकॅटची प्रश्नपत्रिका पाहावी. ही प्रवेश परीक्षा १९२८ पासून कुठल्या ना कुठल्या रूपात घेतली जाते. २०१५ मध्ये तिचा साचा पुरता बदलला. आता चार विभाग आणि २३० प्रश्न असतात. सुट्ट्या धरून सकाळी बसलेला विद्यार्थी दुपार टळल्यावर बाहेर पडतो. चारांतला एक विभाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा. आणखी एक विभाग पूर्णपणे वाचनाचा, त्याला मुलं 'कार्स' म्हणतात. त्यात ९० मिनिटांत नऊ उतारे आणि ५३ प्रश्न. उतारा पाच-सहाशे शब्दांचा, कधी चित्रकलेवर, कधी नीतिशास्त्रावर, कधी एखाद्या शहराच्या इतिहासावर. वैद्यकाचा त्यात सहसा मागमूस नसतो. आधीचं कसलंही ज्ञान लागत नाही. लेखकाचं म्हणणं काय, ते तो कशाच्या आधारावर म्हणतो, दुसऱ्या परिच्छेदातली शंका त्याची स्वतःची की त्याने खोडून काढायला आणलेली, असं विचारतात. विज्ञानाच्या विभागांत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं इथे अडखळतात, आणि क्लासला घालून हा विभाग चटकन सुधारत नाही. वर्षानुवर्षं अवघड गद्य वाचण्याची सवय असेल तरच तो सोपा जातो. इतिहास, तत्त्वज्ञान किंवा साहित्य घेतलेल्या मुलाला ही सवय रोजच्या अभ्यासातून लागते. बायॉलॉजीवाल्याला ती वेगळी लावून घ्यावी लागते.

आता आकडे. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, दरवर्षी ते जाहीर करते. एमडीच्या जागांसाठी अलीकडे वर्षाला साधारण ५२,००० उमेदवार अर्ज करतात आणि साधारण २३,००० जणांना प्रवेश मिळतो. निम्म्याहून अधिक मुलं त्या वर्षी रिकाम्या हाताने परततात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आगेमागे आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा मुख्य विषय जीवशास्त्र किंवा त्याचीच एखादी शाखा. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांतले अर्जदार शेकड्याने मोजले तर दोन-चारच. पण त्यांच्यातले जवळपास निम्मे आत जातात, आणि हे प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा काहीसं जास्त पडतं. आरोग्यविषयक व्यावसायिक पदव्या घेतलेल्यांचं प्रमाण सगळ्यांत कमी राहतं. नाव ऐकून त्यांच्यासाठी दार सताड उघडं असेल असं वाटतं, घडतं उलट.

यावरून 'इतिहास घेतला की मेडिकल मिळतं' असा निष्कर्ष कोणी काढू नये. इतिहासात रमून वर ऑर्गो आणि भौतिकशास्त्र पेलायला तयार झालेली मुलं मुळातच थोडी आणि निवडक असतात. आपलं जमणार नाही हे ज्यांना आधीच कळलं ते अर्जापर्यंत पोचतच नाहीत. आकडे सांगतात ते इतकंच की मुख्य विषय कोणता यामुळे दार उघडतही नाही आणि लागतही नाही. पण ग्रेडमुळे दोन्ही होतं.

ग्रेडचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. चार वर्षांत समान क्रेडिटचे चाळीस विषय धरू. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. आठ विषयांत बी आणि बाकी सगळ्यांत ए मिळाले तर सरासरी ३.८. बारा बी झाले की ३.७. म्हणजे प्रवेश मिळालेल्या सरासरी विद्यार्थ्यात आणि त्याच्या थोड्या खाली असलेल्यात फक्त चार विषयांचं अंतर. आवड नसताना 'नोकरीची सोय' म्हणून घेतलेल्या इंजिनिअरिंगमध्ये हे चार विषय पहिल्या दीड वर्षातच खर्ची पडतात. समिती इंजिनिअरिंगचा अवघडपणा ओळखते हे खरं, पण ३.४ ला ३.८ मानण्याइतकी उदार ती क्वचितच होते. ज्याला यंत्रांचं खरंच वेड आहे त्याने इंजिनिअरिंग जरूर घ्यावं. बायोमेडिकल इंजिनिअरिंग करून सर्जरीत गेलेली आणि शस्त्रक्रियेची नवी साधनं घडवणारी माणसं आहेत. विमा म्हणून मात्र ते घेऊ नये.

वेळेचा हिशेबही असाच फसवा. कॉलेज चार वर्षांचं म्हणतात, पण मधे न थांबता जायचं तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जातो, कारण तो भरल्यावर प्रत्यक्ष प्रवेशापर्यंत वर्षाहून जास्त काळ लोटतो. म्हणजे विज्ञानाचे सगळे आवश्यक विषय, एमकॅट, प्रयोगशाळेतलं काम, रुग्णालयातली सेवा हे सगळं तीन वर्षांत बसवायचं. म्हणूनच आज निम्म्याहून बऱ्याच जास्त मुलांचं पदवी आणि मेडिकल स्कूल यांत किमान एक वर्ष जातं. आपल्याकडच्या आजीला फोनवर हे सांगितलं की तिच्या कानात 'ड्रॉप घेतला' असंच ऐकू येतं. तिथे ते अपयश मानत नाहीत. त्या वर्षात कोणी संशोधनात काम करतं, कोणी दवाखान्यात स्क्राइब म्हणून डॉक्टरच्या शेजारी उभं राहून नोंदी लिहितं, आणि मुलाखतीत सांगायला त्याच्यापाशी खरं काहीतरी असतं.

न्यू जर्सीतल्या एका मराठी घरी फोनवर मी सविस्तर बोलले. आई बालरोगतज्ज्ञ, मुंबईत शिकलेली. मुलीने दुसऱ्या वर्षी इतिहास हा मुख्य विषय जाहीर केला. नावं छापायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. "मला राग नाही आला, भीती वाटली," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या वेळी पीसीबी घेतलं की प्रश्न मिटायचा. हिने इतिहास घेतला म्हणजे हिने मेडिसिन सोडलं, असंच मी धरलं." मुलगी शेजारीच होती. तिने फोन घेतला. "मावशी, मी सोडलं नव्हतं. ऑर्गो पण करत होते. पण आईला वाटायचं ऑर्गोच खरा अभ्यास, बाकीचं छंद." वसाहतींच्या काळातल्या साथीच्या रोगांवर ती सेमिनार घेत होती. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर तिने निबंध लिहिला. घरोघर शिरलेले गोरे सैनिक, माणसांना उचलून नेणं, कमिशनर रँडचा खून. तो निबंध वाचल्यावर आईने तिला पहिल्यांदा आपल्या दवाखान्यातली गोष्ट सांगितली. लस टोचून घ्यायला नकार देणाऱ्या कुटुंबाशी बोलताना आपलं नेमकं कुठे चुकतं हे तिला कळत नव्हतं. "इंजेक्शन आपण का देतोय ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "समोरचा माणूस का घाबरतो, ते हिने वाचलं होतं."

अतुल गावंडे यांचं नाव मराठी घरांत अभिमानाने घेतात, पण त्यांच्या शिक्षणाकडे कोणी फारसं पाहत नाही. त्यांचे वडील आत्माराम गावंडे विदर्भातल्या उटी गावचे. लहानपणीच त्यांची आई मलेरियाने गेली. पुढे अमेरिकेत युरॉलॉजिस्ट झाल्यावर त्यांनी उमरखेडला आईच्या नावे कॉलेज उभारायला हातभार लावला, ते आज गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. अतुल यांची आई बालरोगतज्ज्ञ. असं दोन डॉक्टरांचं घर, म्हणजे बायॉलॉजीशिवाय दुसरं काही घेणं कठीणच. स्टॅनफर्डमध्ये त्यांनी जीवशास्त्र घेतलं आणि त्याच्या जोडीने राज्यशास्त्रही. १९८७ मध्ये पदवी मिळवल्यावर र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकले. निवडणुकांच्या प्रचारात काम केलं. मधेच मेडिकल स्कूल बाजूला ठेवून क्लिंटन यांच्या आरोग्य धोरणावर काम केलं. हार्वर्डची एमडी १९९५ ची. शस्त्रक्रियेआधी तपासायच्या १९ मुद्द्यांची जी यादी जागतिक आरोग्य संघटनेबरोबर त्यांच्या गटाने केली, ती दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीत एकही नवं औषध नाही, एकही नवं यंत्र नाही. टेबलाभोवती उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांना नाव सांगावं, नर्सने सर्जनला थांबवलं तरी चालावं, अशी व्यवस्था आहे. अधिकार कोणाच्या हाती असतो आणि माणसं एकत्र काम कशी करतात हे अभ्यासलेल्या सर्जनने ती घडवली, याचा त्याच्या राज्यशास्त्राशी संबंध नाही असं मी तरी म्हणणार नाही.

हॅरल्ड व्हार्मस यांचं उदाहरण आणखी टोकाचं. अ‍ॅमहर्स्टला इंग्रजी साहित्य, मग हार्वर्डला त्यातच एमए. हार्वर्ड मेडिकल स्कूलने त्यांना दोनदा नाकारलं. कोलंबियाने घेतलं. कॅन्सरच्या जनुकांवरच्या कामासाठी १९८९ चं नोबेल त्यांना वाटून मिळालं आणि नंतर ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक झाले. न्यूरोसर्जन पॉल कलानिधी यांनी स्टॅनफर्डमध्ये इंग्रजी साहित्य आणि मानवी जीवशास्त्र अशा दोन्ही विषयांत पदवी घेतली होती.

ही माणसं असामान्य होती, त्यांच्यावरून काही ठरवू नये, असं कोणी म्हणेल. म्हणून न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलचा प्रयोग महत्त्वाचा. १९८७ मध्ये तिथे एक वेगळी वाट सुरू झाली. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र शिकणारी मुलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच निवडायची. त्यांना एमकॅट नाही, भौतिकशास्त्र आणि ऑर्गोचे पूर्ण अभ्यासक्रम नाहीत. २०१० मध्ये शाळेने आपल्याच विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात या मुलांचे गुण थोडे कमी होते. पुढे वॉर्डातल्या कामात आणि एकूण कामगिरीत ती बाकीच्यांच्या बरोबरीने उतरली. २०१३ मध्ये शाळेने ही वाट सगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी मोठी केली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मनासारखा विषय घ्यायला घरची ऊब लागते. फी भरायला आठवड्याला वीस तास नोकरी करणाऱ्या मुलाला तत्त्वज्ञानाच्या जोडीला विज्ञानाचे सगळे विषय बसवणं फार जड जातं. बायॉलॉजीत आवश्यक विषय आपोआप पदवीत मोजले जातात, क्रेडिट वाचतात. ज्याला पेशींच्या आत काय चालतं याची खरीच ओढ आहे, त्याने बायॉलॉजीच घ्यावी, त्यात उणं काही नाही. उशिरा मन बदललेल्यांसाठी ब्रिन मॉर किंवा गाउचर अशा कॉलेजांत पदवीनंतर विज्ञानाचे विषय पुरे करायचे अभ्यासक्रम आहेत, पण त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. आणि पैशांचा प्रश्न किरकोळ नाही. खासगी मेडिकल स्कूलमध्ये राहण्या-खाण्यासकट चार वर्षांचा खर्च साडेतीन-चार लाख डॉलरच्या घरात जातो. जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा लागू होते आहे.

आपल्या घरांत आणखी एका वाटेचं आकर्षण फार आहे. बारावीनंतर थेट पदवी आणि एमडी जोडून देणारे अभ्यासक्रम. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत सहा वर्षांचा आहे, न्यू जर्सीत सात वर्षांचा, ब्राउन विद्यापीठात आठ वर्षांचा. आईवडिलांना यात आपली एमबीबीएस दिसते. मला यातला ब्राउनचा नमुना पटतो, कारण तिथे प्रवेश पक्का करून मुलांना कोणताही विषय घ्यायला मोकळं सोडतात. बाकी ठिकाणी घाई असते. सतराव्या वर्षी पक्की झालेली ओढ असेल तर अर्ज करावा, मात्र जागा अगदी मोजक्या आहेत आणि त्यासाठी नववीपासून मुलाचा बायोडेटा रंगवत बसणं त्या वयावर अन्याय आहे.

एका गटाला हा सगळा सल्ला अपुरा पडतो आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. एच-४ व्हिसावरची मुलं. आईवडील एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं. मूल दोन-तीन वर्षांचं असताना आलेलं, सगळी शाळा तिथेच झालेली. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की ते आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. बहुतेक जण स्टुडंट व्हिसा घेतात आणि मेडिकलच्या अर्जात परदेशी विद्यार्थी ठरतात. अनेक मेडिकल स्कूलं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, राज्यांची सरकारी कॉलेजं बहुधा आपल्या राज्यातल्यांनाच आधी घेतात, सरकारी कर्ज मिळत नाही. अशा मुलासाठी मुख्य विषयाची निवड ही आवडीबरोबर उपजीविकेचीही असते, आणि इथे मी स्पष्ट सांगेन की पदवीवरच नोकरी मिळेल असा विषय निदान जोडविषय म्हणून तरी असावा. पुणे-नागपूरहून थेट अमेरिकेत बीएस करून मग एमडी करू पाहणाऱ्यांनाही हेच लागू. भारतातली बीएस्सी तर बहुतेक मेडिकल स्कूलं धरत नाहीत. भारतात राहून अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर इथे एमबीबीएस करून तिथली परीक्षा देणं, हीच रुळलेली वाट आहे.

बहुतेक कॉलेजांत मुख्य विषय जाहीर करायची मुदत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला येते. त्याआधी मुलगा-मुलगी थँक्सगिव्हिंगला घरी येतील तेव्हा त्यांच्याबरोबर बसून आवश्यक विषयांचं तिसऱ्या वर्षापर्यंतचं वेळापत्रक लिहून काढा. कुठल्या वर्गात सांगितल्यापेक्षा जास्त वाचावंसं वाटतं ते विचारा. मेडिकल नाहीच मिळालं तर या पदवीवर पुढे काय करायला आवडेल तेही विचारा, कारण दरवर्षी निम्म्याहून अधिक अर्जदारांवर ती वेळ येतेच. व्हिसाचा प्रश्न असेल तर तो लपवू नका, वकिलाचा सल्ला आत्ताच घ्या. एवढं झाल्यावर विषयाचं नाव त्यांनाच लिहू द्या.